मुंग्या

वार्षिकासाठी लेख मागताना सरांनी फळ्यावर विषय लिहिला होता, ‘माझा छंद’. मागच्या बाकांवर लगेच खसखस पिकली. कुणी नाण्यांवर लिहिणार होता, कुणी गडकिल्ल्यांच्या भटकंतीवर. एका भगिनीने तर ‘सर, झोप हा छंद धरता येईल का?’ असे विचारून सरांनाही हसवले. मी गप्प बसलो. कारण ‘छंद’ हा शब्द आमच्या घरात आजवर कुणी वापरल्याचे मला आठवत नाही. आमच्याकडे शब्द आहे तो ‘नाद’. ‘पोराला नाद लागलाय,’ असे आई शेजारणीला सांगते, तेव्हा तिच्या आवाजातली काळजी दारूच्या नादाइतकी नसली तरी पत्त्यांच्या नादाइतकी नक्की असते.

माझा नाद म्हणजे बंद पडलेली विजेची यंत्रे उघडून पाहणे. रेडिओ, टेप, टीव्ही, मोबाईल, चार्जर, हाती लागेल ते. आणि हाती पुष्कळ लागते, कारण माझ्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, धंदा भंगाराचा आहे. सकाळी सातला अण्णा हातगाडी घेऊन निघतात. ‘भंगाऽऽर, पत्रा, लोखंड, रद्दीऽऽ’ ही आरोळी ज्यांनी आमच्या तालुक्याच्या गावी ऐकली असेल, त्यांनी माझ्या वडिलांचा आवाज ऐकला आहे. अण्णा सातवी शिकले, आई तिसरी. कॉलेजच्या प्रवेशअर्जावर ‘पालकांचे शिक्षण’ असा एक रकाना असतो. तो भरताना माझे पेन क्षणभर थांबले होते हे लपवून कशाला ठेवू?

आता कुणीही विचारील, की यंत्रांचा एवढा नाद, तर मग बाबा रे, तू कला शाखेत काय करतोस? दहावीला विज्ञानात मला शंभरात एक्क्याऐंशी गुण होते. पण विज्ञान शाखेचे कॉलेज बावीस किलोमीटरवर आणि तिथली प्रॅक्टिकल्स दुपारची. गाडीला दुपारी दुसरा माणूस लागतो. चढावर एकट्याने ढकलवत नाही. कला शाखा सकाळची, गावातली, आणि फी कमी. मी इतिहास घेतला. वाईट वाटले ते पहिली दोन-तीन महिने. पुढे लक्षात आले की बंद पडलेला टीव्ही हासुद्धा इतिहासाचाच विषय आहे. असो.

या नादात मला ज्यांनी ओढले ते चाचा. त्यांचे दुकान एसटी स्टँडमागच्या गल्लीत आहे. दुकान कसले, सहा फुटांचा बोळ. भिंतीला लावलेल्या फळ्यांवर जुन्या व्हॉल्वच्या रेडिओंची लाकडी खोकी एकावर एक रचलेली. आता चाचा सत्तरी ओलांडलेले आहेत आणि गिऱ्हाईक येते ते मिक्सर नाहीतर इस्त्री घेऊन. पण विशीच्या आत ते या धंद्यात आले तेव्हा रेडिओला सरकारी लायसन लागे, दर वर्षी पोस्टात जाऊन फी भरावी लागे. हे मला प्रथम खरे वाटले नव्हते. चाचांनी खणातून पिवळे पडलेले पुस्तक काढून दाखवले, तिकिटांसकट. रेडिओ ऐकायला परवाना! आमच्या पिढीला हे ऐकून हसू येते. चाचांना येत नाही. ते म्हणतात, ‘बेटा, परवाना होता म्हणून माणूस रेडिओ नीट ऐकायचा.’

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि शाळा बंद झाली तेव्हा मी आठवीत होतो. पुढे नववी मोबाईलवर सुरू झाली. घरात मोबाईल एकच, तोही बटणांचा. गाडी बंद, भंगार बंद. चाचांचे दुकानही अर्धे शटर ओढून चाले. मी तिथे जाऊन बसू लागलो. त्यांनी मला पहिली गोष्ट करायला दिली ती क्रिस्टल सेट. पुठ्ठ्याच्या नळीवर तांब्याच्या तारेचे वेढे, एक जुना गँग कंडेन्सर, ‘ओए ७९’ जातीचा जर्मेनियमचा एक काचेचा डायोड आणि कानात घालायची टोपी. एरिअल म्हणून घराच्या छपरावरून पिंपळापर्यंत ताणलेली तार आणि अर्थिंग म्हणून हापसा. एवढ्या सामानात रेडिओ होतो, आणि त्याला सेल लागत नाही, वीज लागत नाही. दूरच्या मनोऱ्यावरून जी लहर येते तिच्याच अंगात जेवढी शक्ती उरली असेल तेवढ्यावर कानातला पडदा हलतो.

पहिले दोन दिवस काहीच ऐकू आले नाही. मी मोबाईलचा इअरफोन जोडला होता. चाचांनी वायर पाहिली आणि कपाळावर हात मारला. असल्या इअरफोनचा रोध फार कमी, तो त्या दुबळ्या लहरीला पिऊन टाकतो. तिथे जास्त रोधाचा क्रिस्टल इअरफोनच हवा. त्यांनी कुठल्याशा डब्यातून तो काढून दिला. मी हापशाजवळ उकिडवा बसलो आणि कानात, अगदी लांब विहिरीच्या तळातून यावा तसा, माणसाचा आवाज आला. पुणे केंद्र. बाजारभाव चालले होते. कांद्याचे दर ऐकून माझ्या अंगावर काटा आला, असे मी सांगितले तर तुम्ही हसाल. हसा!

पुढे वाचनात आले, की डायोड निघण्यापूर्वी याच कामासाठी गॅलेना नावाच्या खनिजाचा खडा वापरत, आणि अशा डिटेक्टरचे अमेरिकेचे पेटंट १९०४ साली आपल्या जगदीशचंद्र बोसांना मिळाले होते. गॅलेना म्हणजे शिशाचे खनिज. हे शिसे पुढे या लेखात पुन्हा येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

चाचांना माझा एक उपयोग होता, तो फार गमतीचा आहे. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे मागे पोट असलेल्या टीव्हीत चित्र ६२५ ओळींचे असते. इलेक्ट्रॉनांचा एक झोत पडद्यावर डावीकडून उजवीकडे ओळी काढत जातो, आधी एकाआड एक, मग मधल्या राहिलेल्या. असे सेकंदाला पंचवीस वेळा पूर्ण चित्र निघते. म्हणजे एका सेकंदात १५,६२५ ओळी. झोताला इतक्या वेळा इकडून तिकडे ओढणारा जो ट्रान्सफॉर्मर असतो तोही तेवढ्याच वेळा थरथरतो आणि त्यातून एक बारीक शिट्टी निघते. लहान मुलांना ती ऐकू येते. वय वाढले की कानाचा तो वरचा मजला बंद होतो. चाचांना ती शिट्टी गेली कित्येक वर्षे ऐकू येत नाही. त्यामुळे बंद टीव्ही टेबलावर आला, की ते बटण दाबून माझ्याकडे बघत, ‘बोलतो काय?’ मी मान हलवली, की लाइनचा भाग चालू. नाही म्हटले, की मेलेला. मीटर होता त्यांच्याकडे. तरी ते माझ्या कानाला विचारत. पुढे कधीतरी माझ्याही कानाचा तो मजला बंद होणार, आणि ऐकायला तोवर असा टीव्ही कुठे उरलेलाही नसणार.

दुसरा धडा होता खिशाचा. पिक्चर ट्यूबला मागून जी जाड तार रबरी टोपीखाली जाते, तिच्यावर पंधरा हजार व्होल्ट असतात, रंगीत टीव्हीत पंचवीस हजारांच्या आसपास. टीव्ही बंद केला, पिन काढली, तरी ती नळी विजेचा साठा धरून बसते. म्हणून आधी अर्थिंगला बांधलेल्या पेचकसाने तिचा साठा उतरवायचा, आणि तोवर डावा हात विजारीच्या खिशात घालून ठेवायचा. दोन्ही हात आत घातले तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जाते. चाचा म्हणत, ‘एक हात कामाला, एक हात आईबापाला.’ आजही मी घरी साधा बोर्ड उघडला तरी माझा डावा हात आपोआप खिशात जातो. आईला वाटते, पोरगा आळशी झालाय.

आता मूळ गोष्टीकडे येतो. गेल्या दिवाळीच्या आधी, म्हणजे घरोघरी माळे साफ होतात आणि आमचा हंगाम असतो त्या दिवसांत, पेठेतला एक जुना वाडा पाडायला निघाला. तिथून अण्णा एक टीव्ही घेऊन आले. वीस इंची, कृष्णधवल, लाकडी पेटी आणि तिला दोन्ही बाजूंनी सरकती दारे, मध्ये कुलपाची कडी. टीव्ही हे ज्या काळी दागिन्यासारखे कुलपात ठेवायचे यंत्र होते त्या काळातला. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून ते चित्र पुण्यात दिसू लागले. हा सेट त्यानंतरच्या आठ-दहा वर्षांतला असावा. रंग १९८२ साली आले, दिल्लीच्या आशियाई खेळांबरोबर.

आमच्याकडे टीव्ही आला म्हणजे तो फुटायला आला. पडद्यावर गोणपाट टाकायचे, हातोडा घालायचा, मानेवरची तांब्याची गुंडाळी काढायची, ट्रान्सफॉर्मर काढायचा, पत्रा वेगळा, लाकूड बंबाला. एका सेटमधून फार तर पाव-अर्धा किलो तांबे निघते. आमचा स्वतःचा टीव्ही २०१९ च्या पावसाळ्यात बंद पडला तेव्हा अण्णांनी त्याचेही असेच केले होते. धंद्यात घरचा-दारचा असे नसते.

अण्णांनी हातोडा उचलला आणि माझ्या तोंडून निघून गेले, ‘अण्णा, हा नको.’

‘का रं?’

मला सांगता येईना. दार सरकवल्यावर आत पडद्याची हिरवट करडी काच दिसली होती, आणि मागचे झाकण काढल्यावर आतल्या बाजूला सर्किटचा संपूर्ण नकाशा चिकटवलेला. ज्याने बनवला त्याने उघडणाऱ्यासाठी ठेवलेला कागद! आजच्या मोबाईलला साधा स्क्रू सापडत नाही, सगळे गोंदाने चिकटवलेले. कानात घालायची बिनतारी बोंडे मित्राने दोन हजारांना घेतली आणि दीड वर्षात तिचा सेल मेला, तर आतला चार आण्याचा सेल बदलायची सोय नाही. मला नव्या वस्तूंचा राग नाही. मीही दुकानाच्या काचेला नाक लावून उभा राहतोच. पण उघडायलाच मज्जाव असलेली वस्तू मला आपली वाटत नाही.

हे सारे भाषण अण्णांपुढे कोण करणार? मी एवढेच म्हणालो, ‘दुरुस्त व्हईल.’

त्या आठवड्यात माझ्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. फीला दोनशे-अडीचशे कमी पडत होते, ते याच तांब्यातून निघणार हे आई-अण्णांचे आदल्या रात्री ठरले होते. अण्णांनी हातोडा खाली ठेवला. रागावले नाहीत. म्हणाले, ‘फी तुझी, टीव्ही बी तुझा. काय ते तू ठरीव.’

मी टीव्ही ठेवला. फीसाठी दोन दिवस विटा उचलल्या आणि फॉर्म विलंब शुल्कासह भरला. हे मी शौर्य म्हणून सांगत नाही. त्या दोन दिवसांत आईने माझ्याशी धड बोलणे टाकले होते, आणि तिचे चुकले असे मला वाटत नाही.

दुरुस्तीला दीड महिना लागला. पहिल्या दिवशी बटण दाबून चाचांनी विचारले, ‘बोलतो काय?’ नाही. पूर्ण मुका. फ्यूज शाबूत. भिंगाखाली पाहिले तर लाइन ट्रान्सफॉर्मरच्या पायांभोवती सोल्डरला केसासारखी गोल चीर. वर्षानुवर्षे तापून निवून कथील सुटलेले. त्याच्या जोडीला ‘बीयू २०५’ नावाचा मोठा ट्रान्झिस्टर जळालेला. तो चाचांच्या बिस्किटांच्या डब्यात निघाला. पायांना नव्याने डाग दिला, राळेच्या धुराने खोकलो, बटण दाबले, आणि आली! ती बारीक शिट्टी. मी ओरडलो. पडद्याजवळ हात नेला तर हातावरची लव उभी राहिली. मग काचेवर एकच आडवी रेघ उमटली, पांढरी, डोळे दिपवणारी. चाचा धावलेच, ‘उजेड कमी कर, नळी जळेल!’ झोत आडवा धावत होता पण खालीवर होत नव्हता, म्हणून साऱ्या चित्राचा उजेड एका रेघेत साचला होता. तिथला एक कंडेन्सर सुकला होता. तो मी पुण्याला तपकीर गल्लीतून आणला. वस्तू काही रुपयांची, एसटीचे भाडे तिच्या कितीतरी पट. दुकानदाराने, ‘हे कशाला पाहिजे?’ असे विचारले. कृष्णधवल टीव्हीला म्हटल्यावर त्याने चष्मा वर करून माझ्याकडे पाहिले आणि पैसे घ्यायला जरा वेळ लावला.

कंडेन्सर बसला आणि रेघ वरखाली उघडत गेली, दार सरकवावे तशी. पडदा भरला.

त्या संध्याकाळी टीव्ही घरी आणला. गल्लीतली बारकी पोरे जमली, दोन-तीन म्हाताऱ्या आल्या. भंगारातलाच एक जुना काडीकाडीचा अँटेना मी छपरावर बांधला आणि त्याचे तोंड सिंहगडाकडे केले, जसे एके काळी आमच्या भागातल्या सगळ्या छपरांवर असे. वरून ओरडलो, ‘आलं का?’ खालून आजीचा आवाज आला, ‘मुंग्या आल्या!’

मुंग्याच येणार होत्या. मला ठाऊक होते. दूरदर्शनची जमिनीवरून चालणारी जुन्या पद्धतीची प्रक्षेपणे २०२२ पर्यंत बहुतेक बंद झाली, हे मी वाचले होते. आता सगळे उपग्रहावरून तबकडीत नाहीतर मोबाईलमध्ये. तरी छपरावर चढताना मनात कुठेतरी होते, की चुकून एखादा मनोरा सुरू राहिला असेल. सेट अगदी ठणठणीत होता, कान टवकारून बसला होता आणि त्याच्याशी बोलणारे कुणी उरले नव्हते. पोरे पाच मिनिटांत पांगली.

मी खाली उतरलो तेव्हा अण्णा दाराच्या चौकटीला टेकून, टीव्हीच्या एका अंगाला उभे होते. मी म्हणालो, ‘अण्णा, समोर या की.’

‘हितनं दिसतंय.’

मग त्यांनी जे सांगितले ते मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागायचे तेव्हा ते दहा वर्षांचे होते. त्यांच्या वाडीत टीव्ही एकच. आमच्या वस्तीतल्या पोरांना अंगणात, खिडकीबाहेर उभे राहायची मुभा होती. उंबऱ्याच्या आत नव्हती. टीव्ही खोलीच्या कोपऱ्यात, खिडकी त्याच्या कुशीला. ‘त्यामुळं आमाला राम नेहमी एका कानाचा दिसला,’ अण्णा म्हणाले आणि हसले. ‘लोकं टीव्हीला हार घालायची. आमी बाहेरनं हात जोडायचो, पण नेमकं कुनाला जोडतोय ते दिसायचं न्हाई.’

आजी गप्प होती. टीव्हीचा खरखर आवाज तेवढा चालला होता. २०२० च्या टाळेबंदीत, २८ मार्चपासून दूरदर्शनने रामायण पुन्हा दाखवायला सुरुवात केली होती. तेव्हा शेजारच्या खिडकीपाशी अण्णा काही दिवस जाऊन उभे राहत असत, ते मला एकदम आठवले. तेव्हा मला वाटले होते की सगळेच अंतर राखतात तसे तेही राखत आहेत.

काहीतरी बोलायचे म्हणून मी मुंग्यांची हकिगत सांगू लागलो. या मुंग्या म्हणजे निव्वळ गोंधळ. जवळच्या मोटारींच्या ठिणग्या, आकाशातल्या विजा, आकाशगंगेचा खरखराट, सेटच्या स्वतःच्या भागांची उष्णता, असे सारे त्यात मिसळलेले असते. पण त्यातला अगदी थोडा हिस्सा, शंभरात एखादी मुंगी म्हणा, विश्वाच्या जन्मानंतर जो पहिला उजेड मोकळा सुटला त्याचा आहे. १९६४ साली अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन या दोघांना त्यांच्या मोठ्या कर्ण्यासारख्या अँटेनात अशी खरखर सापडली, जी कशानेही जाईना. त्यांनी कर्ण्यातली कबुतरे हाकलली, त्यांची घाण धुऊन काढली, तरी खरखर कायम. कुठल्याही दिशेला तोंड करा, तेवढीच. ती त्या पहिल्या उजेडाची निघाली, सुमारे १३८० कोटी वर्षे वाट चाललेल्या. १९७८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

‘म्हंजी मनोरा बंद पडला तरी हे चालूच?’ अण्णांनी विचारले.

‘हो.’

‘आन् हे सगळ्यांच्या घरात येतं?’

‘सगळ्यांच्या.’

आजी म्हणाली, ‘एवढ्या लांबनं आल्यात तर च्या टाका म्हणावं.’

आई हसली. दीड महिन्यात पहिल्यांदा. अण्णा मात्र हसले नाहीत. ते चौकट सोडून आले, पडद्याच्या बरोबर समोर मांडी घालून बसले, आणि चहा निवेपर्यंत मुंग्या बघत राहिले.

पुढे पंधरा दिवसांनी एका मोडक्या टीव्हीगेमच्या डब्यातला मॉड्युलेटर काढून मी फुकट तबकडीवाला बॉक्स त्या सेटला जोडला. आता त्यावर बातम्या दिसतात, गाणी दिसतात, सगळे काळेपांढरे. आजी खूश आहे. तिचे म्हणणे, रंग नसले की बायकांच्या साड्यांकडे लक्ष न जाता गोष्ट कळते.

लेख इथे संपवला असता तर बरे झाले असते. पण मुंग्यांच्या निमित्ताने मी पिक्चर ट्यूबबद्दल वाचू लागलो आणि नको ते हाती लागले. पंचवीस हजार व्होल्टने धावणारे इलेक्ट्रॉन थांबतात तिथे क्ष-किरण निघतात. ते बाहेर पडून बघणाऱ्याला बाधू नयेत म्हणून काचेत शिसे घालतात. रंगीत टीव्हीच्या नळीच्या मागच्या, नरसाळ्यासारख्या काचेत सुमारे पाचवा हिस्सा शिशाचे ऑक्साइड असते. नळी अखंड आहे तोवर ते काचेत बंदिस्त. फोडली की चुरा, धूळ, हात, भाकरी. म्हणजे समोर बसून बघणाऱ्याला वाचवण्यासाठी घातलेले शिसे शेवटी हातोडा मारणाऱ्याच्या वाट्याला येते. शिवाय आत पोकळी. वीस इंची पडद्यावर बाहेरच्या हवेचा दाब सव्वा टनाच्या घरात भरतो. अण्णांच्या मनगटावर जी जुनी खूण आहे ती त्याची.

हे मी चार दिवस मनात ठेवले. ज्या कामावर माझी फी निघते ते काम विषारी आहे, हे ज्या फीने मला वाचायला शिकवले तिच्याच जोरावर त्यांना जाऊन सांगायचे, हे मला जमेना. शेवटी रात्री जेवताना सांगितले. अण्णांनी घास खाली ठेवला.

‘मग इतकी वर्सं?’

मला उत्तर देता आले नाही. त्यांना काही झाले आहे असे मी म्हणत नाही. तपासले कुठे आहे?

भारतात इलेक्ट्रॉनिक कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वस्तू बनवणाऱ्यानेच तिच्या विल्हेवाटीची जबाबदारी घ्यायची, असा त्यांचा सांगावा आहे. मी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी चहा विचारला, अर्ज वाचला, मराठी चांगले आहे म्हणाले, आणि संकेतस्थळावर नोंदणी करायला सांगितले. संकेतस्थळावर नोंदणी करायला कंपनी असावी लागते. हातगाडीचा रकाना तिथे नाही.

तूर्त आम्ही एवढे करतो. मी चष्मा लावून, गोणपाट टाकून, नळीच्या मानेच्या टोकाची बारीक नळी मोडतो आणि आत हळूहळू हवा जाऊ देतो. सूं असा आवाज येतो आणि थांबतो. मग तांबे काढतो. काच फोडत नाही. पण काच घेणाराही कुणी नाही, त्यामुळे घरामागे ताडपत्रीखाली आजमितीला तेवीस नळ्या उभ्या आहेत. आई म्हणते, जागा नाही. तिचेही बरोबर आहे. साप निघाला तर काय, हा तिचा प्रश्न आहे आणि त्याचेही उत्तर मला ठाऊक नाही.

काल गाडीवर आणखी दोन टीव्ही आले. एकाची नळी तेवढ्यात रांगेला गेली, चोविसावी. दुसरा लाकडी पेटीचा आहे. तो अण्णांनी हात न लावता पायरीखाली ठेवला आहे, वर पोते टाकून. मी विचारले तेव्हा म्हणाले, ‘राहू दे. परीक्षा झाल्यावर बघ, बोलतोय का.’